पाळीव कुत्र्याचा शिधा

भाईंदरहून उत्तनकडे जाताना मोरवा गाव लागते. तेथील भात-मासळीच्या घरात काय किंवा शहरातल्या बिऱ्हाडात काय, कुत्र्याचे पान वाढले जाते ते अंदाजाने आणि मायेने. तो अंदाज कसा बांधावा, हे आम्ही सांगणार आहोत.

प्रथम वजन. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे व त्यातून आपले वजन वजा करावे. समजा, ते १६ किलो भरले. मात्र वजन दुप्पट म्हणून भूक दुप्पट होत नाही. ती त्याहून कमी वाढते, असे मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली दाखवले. म्हणून १६ चा घन ४०९६. त्याचे वर्गमूळ ६४. त्याचे पुन्हा वर्गमूळ ८. त्यास ७० ने गुणले की ५६० उष्मांक. एवढे नुसते पडून राहावयास लागतात. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यास याच्या १.६ पट, म्हणजे सुमारे ९०० पुरतात. जेवताना हळूच टाकलेली पोळीही यातच धरावयाची. आम्ही ती हटकून विसरतो!

चार किलोच्या घरकोंबड्या मांजरीस २४० च्या आसपास पुरे. पाव लिटर गाईच्या दुधातच दीडशेवर उष्मांक गेले, तर तिला खरोखर हव्या असलेल्या मासळीला जागा कोठे उरते?

मग फासळ्यांवरून हात फिरवावा. त्या शोधाव्या लागल्या, तर शिध्याचा दहावा हिस्सा कमी करून पंधरा दिवसांनी पुन्हा काट्यावर चढावे.