बांबूचा मालक कोण?

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉलीभोवती व्यापाऱ्यांची बोली चालते, तेव्हा अखेरचा शब्द शेतकऱ्याचा असतो. पुकारलेला भाव न पटल्यास तो माल परत नेऊ शकतो. गाडीभाडे अंगावर घेऊन कांदा माघारी नेणे फारच थोड्यांना परवडते, हे खरे. त्यामुळे हा अधिकार कित्येकदा नावापुरताच उरतो. तथापि माल कोणाचा, याविषयी तेथे वाद नसतो. उद्योगसमूह आणि वननिवासी समाज यांच्या 'भागीदारी'ची भाषा अलीकडे सर्वत्र ऐकू येते. तिला हीच कसोटी लावावयास हवी.

बांबूचाच हिशेब पाहावा. दांडेलीच्या कागद गिरणीला कर्नाटक सरकारने आरंभी टनामागे अवघ्या दीड रुपयाने बांबू दिला, असे माधव गाडगीळ यांनी नोंदवले आहे. त्याच बांबूवर पोट असलेल्या बुरडांना बाजारात कितीतरी पट दाम मोजावे लागत होते. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबूही दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने बल्लारपूरच्या गिरणीकडे जात असे. दोन्हीकडे सौदा सरकार आणि कंपनी यांच्यात झाला. जंगलात राहणाऱ्याच्या वाट्याला तोडणीची मजुरी तेवढी आली.

हे चित्र प्रथम पालटले ते धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावात. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा. आणि ती केवळ घोषणा राहिली नाही. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साहचर्यात गावाने अभ्यासगट चालवले, निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घेतले. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. परंतु बांबू विकावा तर वाहतूक परवाना वनखात्याचा! कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले असतानाही खाते त्याला झाडच मानत राहिले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या दिवसापासून ग्रामसभा खऱ्या अर्थाने विक्रेती झाली. शिवाय उभा बांबू कांद्यासारखा सडत नाही. भाव येईतो तो थांबू शकतो.

गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने याहून पुढचे पाऊल टाकले. २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाल्यावर या गावाने बांबू विकला, पण तेंदूपानांना नकार दिला. तेंदूसाठी झाडे छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात, हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. हातचे उत्पन्न सोडण्याचा हा ठराव कोणत्याही कंपनीने वा खात्याने सुचवलेला नव्हता.

याउलट केरळातील काणी आदिवासींचा अनुभव. त्यांनी दाखवलेल्या 'आरोग्यपच्च' या वनस्पतीपासून तयार केलेल्या औषधाचा परवाना १९९५ मध्ये एका औषध कंपनीला १० लाख रुपयांना दिला गेला. त्या रकमेतला व स्वामित्वधनातला अर्धा वाटा जमातीचा ठरला. जगभर या कराराचे कौतुक झाले. पण वनस्पती ज्या जंगलात उगवते ते जंगल काणींचे नव्हते. वनखात्याने वनस्पती गोळा करण्यास हरकत घेतली आणि व्यवहार रखडला. वाटा होता, मालकी नव्हती.

आता वृक्षलागवडीचे आणि कार्बन क्रेडिटचे करार घेऊन कंपन्या वनगावांकडे वळू लागल्या आहेत. हे करार दशकानुदशकांचे असतात. सामूहिक हक्काचा कागद हाती नसलेले गाव त्यांत विक्रेता कसे ठरणार? नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न दूरचा नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सहा दिवस पायी गेलेल्या मोर्चात सुरगाणा, पेठकडील आदिवासी हजारोंच्या संख्येने होते. त्यांची एक प्रमुख मागणी हीच होती, की कसत असलेली वनजमीन आपल्या नावावर व्हावी.