रात्री दहाच्या आत घरात

१९९०च्या दशकात शुक्रवारी रात्री आइसलँडची राजधानी असलेल्या रेक्याविकच्या रस्त्यांवर झिंगलेली शाळकरी मुलं सर्रास दिसत. १९९८मध्ये आइसलँडच्या १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात दारू चढेपर्यंत प्यायल्याचं सांगितलं. नुसत्या उपदेशानं हे थांबणार नव्हतं.

मग गावंच कामाला लागली. शाळाशाळांतून नियमित पाहणी सुरू झाली आणि प्रत्येक शाळेला तिचे आकडे मिळू लागले. पालकांनी आपसात करार केले, रात्री गटागटानं गस्त घातली. सोळाच्या आतल्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर एकटं बाहेर राहायचं नाही, असा कायदाच आहे. खेळ, संगीत, नृत्याच्या शुल्कासाठी रेक्याविक महापालिका प्रत्येक मुलामागं पैसे देते; गरिबाघरच्या मुलांना याचा मोठाच आधार.

२०१६पर्यंत ते ४२ टक्के ५वर आले.