चेटकीण आणि तिचा वैरी

चेटकीण म्हटली की आपल्यापुढे उभी राहते ती वाकड्या नाकाची, झाडूवर बसून उडणारी म्हातारी. गोष्टीत तिचे काम ठरलेले. राजपुत्राचा दगड करायचा आणि शेवटी स्वतः मरायचे! पण अलीकडच्या इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांतली चेटकीण तरुण असते, चतुर असते, आणि नेमकी आपल्या हाडवैऱ्याच्या प्रेमात पडते. महाविद्यालयातल्या मुलींच्या हातात असली जाडजूड पुस्तके दिसली की आम्ही प्राध्यापक मंडळी नाक मुरडतो. पण नाक मुरडण्यापूर्वी या वैराच्या प्रेमकथेत आहे तरी काय, ते जरा पाहू या.

ही कल्पना काही आजची नाही. होमरच्या 'ओडिसी'त सर्सी नावाची मायाविनी ओडिसियसच्या सोबत्यांची डुकरे करून टाकते. देवदूत हर्मीसने दिलेल्या मुळीमुळे तिची माया त्याच्यावर चालत नाही. तो तलवार उपसतो, ती शरण येते, दगा न देण्याची शपथ घेते आणि मग दोघांचे सख्य जमते. पण पुढची गोष्ट महत्त्वाची, बरं का! ताटावर बसूनही तो घास उचलत नाही. आधी माझ्या माणसांना माणसांत आण, हा त्याचा हट्ट. ती आणते, आणि मग मंडळी तिथे वर्षभर राहतात. आपल्या महाभारतातली हिडिंबा चेटकीण नव्हे, राक्षसी. भाऊ तिला पांडवांना मारून आणायला धाडतो आणि ती भीमावर भाळून त्यालाच सावध करते. दोन्ही कथांत वैर सोडणाऱ्याला काहीतरी मोजावे लागते. हिडिंबेला तर सख्खा भाऊ गमवावा लागतो.

आता नुसते भांडण आणि वैर यांत फरक आहे. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये एलिझाबेथ आणि डार्सी एकमेकांना टोचून बोलतात, पण कोणी कोणाच्या जिवावर उठलेले नसते. गैरसमज दूर झाला, अहंकार उतरला, की काम झाले. चेटकिणीच्या कथेत मात्र मध्ये फास लोंबत असतो. शेल्बी माह्युरिन या अमेरिकन लेखिकेची २०१९ सालची 'सर्पंट अँड डव्ह' घ्या. लू ही आपले कूळ सोडून शहरात चोरी करून लपलेली चेटकीण. रीड हा धर्मसंस्थेच्या सेवेतला, चेटकिणींची शिकार करणारा. एका प्रसंगामुळे दोघांचे लग्न लावले जाते आणि ती कोण हे त्याला ठाऊक नसते.

अशा कादंबरीची गोडी कशात असते? शेवटी दोघे एकत्र येणार, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. म्हणजे उत्सुकता 'काय होणार' याची नसून 'कसे होणार' याची असते. एका छपराखाली राहायचे, आणि पोटात असे गुपित, की ते फुटले तर मरण. त्यामुळे तिच्यावर केलेली साधी माया हीसुद्धा शिकाऱ्याच्या बाजूने नकळत फितुरीच ठरते. सत्य उघडे पडते तेव्हा रीड तिला झिडकारतो. पुढे तिला सोडवायला निघतो. आणि शेवटी शेवटी त्याच्या स्वतःच्याच रक्तात जादू निघते.

इथे मात्र माझ्यातला मास्तर जागा होतो. चेटकीण कल्पित असली तरी शिकारी कल्पित नव्हता. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात चेटकाच्या आरोपावरून सुमारे ४०,००० ते ६०,००० माणसे मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य बायका. अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली १९ जणांना फाशी दिले आणि एका वृद्धाला दगडांच्या ओझ्याखाली चिरडले. तिथे जाळले कोणालाच नाही. पण रने क्लेअरच्या १९४२ सालच्या 'आय मॅरिड अ विच' या चित्रपटात जाळलेली चेटकीण, तिला पकडून देणाऱ्याच्या वंशजाचा सूड घ्यायला येते. त्याच्यासाठी केलेले वशीकरणाचे औषध चुकून स्वतःच पिते आणि त्याच्यावरच भाळते. चित्रपट मोठा गमतीचा आहे. पण हिशेब पाहा ना: जिला मारले तिनेच विसरायचे, आणि तेही औषधाच्या घोटाने!

म्हणून अशी कादंबरी हाती आली की तिला तीन साधे प्रश्न विचारावेत. प्रेम जडले ते खरी ओळख पटल्यावरही टिकले का? बदलला कोण, जिच्यावर अन्याय झाला ती, की अन्याय करणारा? आणि डुकरे झालेल्या सोबत्यांचे काय, म्हणजे नायिका वाचली तरी तिच्या इतर भगिनींची शिकार चालूच राहिली का? 'सर्पंट अँड डव्ह' पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होते. दुसऱ्यात मला अर्धेच गुण द्यावेसे वाटतात. कारण शिकाऱ्याच्या रक्तातच जादू निघाली की परक्यावर प्रेम करण्याची अवघड परीक्षा थोडी सोपी होते. तो साधा माणूस राहून बदलता, तर अधिक मोठा वाटला असता.

हे प्रश्न नुसते पुस्तकी नाहीत. आपल्याच सातपुड्यात, नंदुरबारच्या बाजूला, गावात कोणी आजारी पडले म्हणून एखाद्या बाईला 'डाकीण' ठरवल्याच्या घटना घडल्या आहेत. कोणी करणी करते, मंत्राने जनावराचे दूध आटवते, असे सांगून तिचे जगणे कठीण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या बाईला कादंबरीतला देखणा शिकारी भेटत नाही. तिला गरज असते ती घोळक्यातून बाहेर पडून तिच्या दारापुढे उभा राहणाऱ्या एका शेजाऱ्याची. आपल्या मुली ही पुस्तके खुशाल वाचोत. वाचता वाचता घोळक्यातला माणूस वेगळा कसा होतो हे त्यांना उमगले, तर तो वेळ वाया गेला असे मी तरी म्हणणार नाही.