दान दिसावे की झाकावे?
मार्च २०१७ मध्ये चान्स द रॅपर या अमेरिकी रॅप गायकाने शिकागोच्या सरकारी शाळांना १० लाख डॉलर जाहीरपणे दिले. दानाचा डांगोरा पिटू नका, असे येशू गिरिप्रवचनात बजावतो. मग ही जाहिरातच नव्हे का? पण सत्कर्मांचा उजेड लोकांना दिसू द्या, हेही त्याच गिरिप्रवचनात आहे. म्हणजे प्रश्न हेतूचा. चान्सने शाळांच्या निधीसाठी राज्यपालांना जाब विचारला, कंपन्यांनाही देणगीचे आवाहन केले; प्रकाशझोत त्याने शाळांकडे वळवला.

मात्र जवळचे सारे देऊन टाकणाऱ्या गरीब विधवेच्या दोन नाण्यांची बायबलमधली कथा दान मोजते ते मागे काय उरले यावरून. तिथे लक्षाधीश उणा पडतो. विदर्भाच्या गाडगेबाबांनी कीर्तनातून मिळालेल्या पैशांतून धर्मशाळा उभारल्या, स्वतःजवळ गाडगे नि चिंध्याच ठेवल्या. म्हणून विदर्भातल्याच राजूरच्या एखाद्या खाणकामगाराने शाळेला दिलेले शंभर रुपयेही याच मापाने मोठे ठरतील.