तिपेडी वेणी आणि न ठरणारे प्रश्न

कौंडण्यपूरला वर्धेच्या घाटावर एक आजी नातीची वेणी घालत होती. रुक्मिणीचं हे माहेर. आषाढीसाठी पालखी निघायचे दिवस, त्यामुळे घाटावर गर्दी. वेणी मधेच बिघडली आणि पोरगी ती वरून ओढायला लागली. आजी म्हणाली, "वरून नको वढू माय. शेवटी टाकला तो पेड पहिले सोड." मी गटसिद्धांत शिकवतो. क्रियांची माळ परत फिरवायची तर शेवटची क्रिया आधी उलटवायची, हा त्यातला अगदी सुरुवातीचा नियम. तो इतक्या नेमक्या शब्दांत मी वर्गात कधी सांगितला नव्हता.

गट म्हणजे अशा क्रियांचा समुदाय, की एकीमागून दुसरी करता येते आणि केलेली प्रत्येक क्रिया परत फिरवता येते. डावा पेड मधल्यावरून नेणं याला 'क' म्हणू, मधला पेड उजव्यावरून नेणं याला 'ख'. मग तीन पेडांची कुठलीही वेणी म्हणजे क, ख आणि त्यांच्या उलट्या क्रिया ओळीने मांडून झालेला एक शब्द. नियम एकच: कखक आणि खकख या वेण्या सारख्याच. नुसती क पुन्हा पुन्हा करत गेलं तरी दर वेळी नवीच वेणी मिळते, म्हणून हा गट अनंत. अशा गटांबद्दल माक्स डेन यांनी १९११ मध्ये तीन प्रश्न मांडले. त्यातला पहिला असा: समोर आलेला शब्द म्हणजे शेवटी 'काहीच न करणं' आहे का, हे सांगणारी हमखास रीत आहे का? ही शब्दसमस्या.

गट अनंत आहे म्हणजे असं काही ठरवताच येणार नाही, हा गैरसमज मला सगळ्यात जास्त भेटतो. वेणीच बघा. एमिल आर्टिन यांनी १९२५ मध्ये वेण्यांच्या गटांवर निबंध लिहिला आणि कितीही पेडांच्या वेणीसाठी शब्दसमस्येची रीत दिली. गट अनंत, तरी उत्तर ठरलेल्या पायऱ्यांत मिळतं.

मात्र ती रीत वरवर पाहण्याची नव्हे. तीन रंगांच्या रिबिनी खुंटीला बांधा आणि नेहमीची तिपेडी वेणी घाला: डावा मधल्यावरून, उजवा मधल्यावरून, असं आलटून पालटून सहा वेळा. सहाव्या वेळेला तिन्ही रंग आपापल्या मूळ जागी येतात. जागा जुळल्या म्हणजे वेणी सुटली असं वाटेल, पण खालची टोकं धरून ठेवली तर ती सुटत नाही. आता कुठलीही एक रिबीन काढून घ्या. उरलेल्या दोन एकमेकींपासून मोकळ्या होतात. म्हणजे दोन-दोन पेड तपासले तर गुंता कुठेच सापडत नाही, आणि तिघांत मिळून तो असतो. मी हे पहिल्यांदा सुतळीवर करून पाहिलं तेव्हा टोकं सोडवेनात.

दुसरा समज असा, की जिथे रीत नाही तिथे ती अजून सापडलेली नाही, वेगवान संगणक आला की सापडेल. तसं नाही. १९५५ मध्ये प्योत्र नोविकोव यांनी, आणि त्याच सुमारास स्वतंत्रपणे विल्यम बून यांनी, मोजक्या क्रिया आणि मोजके नियम असलेले असे गट दाखवले, की ज्यांची शब्दसमस्या सोडवणारी रीत असूच शकत नाही. गटाच्या नियमांत एका यंत्राच्या हालचाली गुंफलेल्या असतात. शब्द 'काहीच न करणं' ठरतो तो ते यंत्र थांबलं तरच. दिलेलं यंत्र थांबेल की नाही हे सांगणारी सरसकट रीत नसते, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केलं होतं. यंत्राचा वेग वाढवून यात फरक पडत नाही.

मग अशा गटात काहीच कळत नाही का? पुष्कळ कळतं. नियमांतून निघणारी समीकरणं एकामागून एक लिहीत गेलो, तर जो शब्द खरोखर 'काहीच न करणं' आहे तो कधीतरी यादीत येतोच. अडचण दुसऱ्या बाजूची. पंढरीच्या वाटेवर उभं राहून ओळखीच्या दिंडीची वाट पाहावी तसं हे आहे. दिंडी निघाली असेल तर कधीतरी ती दिसेल. निघालीच नसेल, तर ती येणार नाही असं कुठलीच संध्याकाळ सांगणार नाही. एकेका शब्दाचं उत्तर हो किंवा नाही असं ठाम असतं. नसते ती सगळ्या शब्दांना पुरणारी एक रीत.

शब्दसमस्या सुटली म्हणजे गट मुठीत आला, असंही नाही. दोन अक्षरांचा मुक्त गट घ्या, ज्यात क आणि खवर कसलाच नियम नाही. तिथे शेजारी आलेली क्रिया आणि तिची उलट खोडत गेलं की झालं, शाळकरी मूलही करील. असे दोन मुक्त गट शेजारी-शेजारी ठेवा, तरी शब्दसमस्या सोपीच राहते. पण त्यात असा उपगट असतो की दिलेला शब्द त्यात मोडतो की नाही हे ठरवणारी रीत नाही. हे १९५८ मध्ये मिखाइलोवा यांनी दाखवलं.

यावरून यंत्राला या क्षेत्रात जागाच नाही असं कुणी समजू नये. २०१७ च्या डिसेंबरमध्ये प्रश्न आला: मुक्त गटात 'काहीच न करणं' सोडून बाकी प्रत्येक शब्दाला शून्याहून मोठी अशी लांबी देता येईल का, की शब्द दोनदा लिहिला की लांबी बरोबर दुप्पट व्हावी, आणि दोन शब्द जोडले की लांबी त्यांच्या बेरजेहून जास्त होऊ नये? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सिद्धार्थ गाडगीळ यांनी प्रोग्रॅम लिहून 'क, ख, उलटा क, उलटा ख' या शब्दाच्या लांबीवर मर्यादा घालणारी सिद्धता संगणकाकडून काढून घेतली. पेस नील्सन यांनी ती ओळीओळीने वाचून त्यातली कल्पना वेगळी काढली. शेवटी, गाडगीळ आणि टेरेन्स टाओ धरून सहा जणांनी सिद्ध केलं की त्या शब्दाची लांबी शून्यच ठेवावी लागते, म्हणजे तशी लांबी देताच येत नाही. यंत्राने वाट दाखवली, ती माणसाने वाचली. मला हे फार मोलाचं वाटतं.

नियम किती असले की गट हाताबाहेर जातो? फक्त एक नियम असलेल्या प्रत्येक गटाची शब्दसमस्या सुटते, हे विल्हेल्म माग्नुस यांनी १९३२ मध्ये सिद्ध केलं. आजीची तिपेडी वेणी त्यातच बसते. दोन नियमांच्या गटांचा निकाल मात्र अजून कुणालाच लावता आलेला नाही.