बोली कुणाच्या तोंडी?

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. पण मराठी मालिकांत नायक-नायिकेच्या तोंडी बोली सर्रास यायला चार दशकांहून जास्त काळ गेला. ‘आभाळमाया’तली (१९९९) माणसं शिकल्यासवरल्या मुंबईकरांसारखी बोलत. ‘व्हय’, ‘न्हाय’ म्हणायचं ते बहुधा घरगड्यानं, नाहीतर हसवायला आणलेल्या गाववाल्यानं.

मग २०१६ आलं. ‘रात्रीस खेळ चाले’तून मालवणी घरोघरी पोचली, ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली राधिका नागपुरी ढंगात बोलू लागली, ‘तुझ्यात जीव रंगला’चा राणा कोल्हापुरीत. पण वाटणी पाहा. राणा पैलवान, नायिका अंजली शिक्षिका. बोली त्याच्या वाट्याला, शुद्ध मराठी तिच्या. राधिका तर नवरा गुरुनाथ आणि त्याची प्रेयसी शनाया यांच्या लेखी गावंढळच. पुढच्या वर्षी ‘लागिरं झालं जी’त अज्या आणि शीतली दोघंही साताऱ्याकडचं बोलले, भांडले त्यात, प्रेमातही पडले त्यात. खरा बदल मी तो मानतो.

ब्रिटनमध्ये हे बरंच आधी झालं. बीबीसीचं साजूक इंग्रजी ऐकणाऱ्यांसमोर ग्रॅनडा वाहिनीने ९ डिसेंबर १९६० रोजी ‘कोरोनेशन स्ट्रीट’ आणली. लेखक टोनी वॉरनने तिच्यात सॅल्फर्डकडच्या कामगारवस्तीचं बोलणं उतरवलं. पहिल्याच भागात कॉलेजात जाणारा केन बार्लो घरच्या जेवणाच्या टेबलावर अवघडतो आणि बाप त्याच्या शिष्टपणावर घसरतो. ओशाळायची पाळी शिकलेल्यावर!

जपानची कथा याहून रंजक. तिथल्या एनएचके वाहिनीच्या सकाळच्या मालिकांत बोली शिकवणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत झळकतं. ‘ओशिन’ (१९८३) ही यामागाताच्या गरीब कुळाची पोर; बोली तिला जन्माबरोबरच मिळालेली. तीस वर्षांनी आलेल्या ‘आमाचान’मधली आकी मात्र टोकियोत वाढलेली. ती इवातेच्या किनाऱ्यावर आजीकडे जाते, तिथली बोली हौसेने उचलते आणि टोकियोला परतल्यावरही सोडत नाही. उलट तिची मैत्रीण युइ त्याच गावची, पण टोकियोची स्वप्नं पाहणारी. ती बोलते प्रमाण जपानी.

आपल्याकडे अजून ‘पाणी’चं ‘पानी’ केलं की गाव उभं राहिलं, असं समजणाऱ्या मालिका आहेत. त्यांत साताऱ्याची पोर आणि नगरचा मामा एकाच सुरात बोलतात. आणि मुंबईत वाढून, कुणी भाग न पाडता, मालवणी उचलणारी नायिका मला तरी अजून भेटलेली नाही.