खारदुंग ला आणि मेणाची डबी

आपल्याकडच्या गॅरेजांत एक हुकमी सल्ला मिळतो : "थर्मोस्टॅट काढून टाका साहेब, गाडी परत गरम व्हायची नाही." भर मे महिन्यात घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाला तो लगेच पटतो. पण लष्कराचा ट्रक हा सल्ला ऐकून लडाखला गेला, तर काही महिन्यांत त्याचं इंजिन खोलावं लागेल.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबली की ती ५०० अंश सेल्सियसच्या वर तापते आणि तेवढ्या धगीवर फवारलेलं डिझेल पेट घेतं. सिलिंडरच्या भिंती गार असल्या तर ही धग त्याच पिऊन टाकतात. मग डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो. न जळलेलं डिझेल बोअरवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली तर ऑइलची पातळी वाढलेली दिसते, ते बोटांना पातळ लागतं आणि त्याला डिझेलचा वास येतो. ज्वलनातून निघणारी वाफ गार भिंतीवर साचते, तिच्यात इंधनातल्या गंधकाची भर पडून आम्ल तयार होतं. बोअर घासतो आणि गंजतोही. तापलेलं इंजिन बोंब मारून थांबतं; गार चालणारं मुकाट्याने झिजत राहतं.

म्हणून कूलंटचं तापमान साधारण ८० ते ९५ अंशांत राहिलं पाहिजे. ही राखण करते ती अंगठ्याएवढी पितळी डबी. तिच्या आत मेण असतं. साधारण ८२ अंशांना ते वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. पाणी निवलं की मेण आकसतं, वाट बंद होते. वायर नाही, बॅटरी नाही. हाच थर्मोस्टॅट.

त्याची परीक्षा पाहायची तर लेह–खारदुंग ला रस्त्यासारखी जागा नाही. सियाचीनकडे जाणारी रसद याच वाटेने जाते. ती वाहणारा ओळखीचा ट्रक म्हणजे स्टॅलियन : अशोक लेलँडचा आराखडा, जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत जुळणी, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन. लेह सुमारे ३,५०० मीटरवर, खिंड ५,३५९ मीटरवर, आणि मधला रस्ता चाळीसेक किलोमीटरचा. वर हवा जवळपास निम्मी विरळ. टर्बो सिलिंडरात जास्तीची हवा कोंबून इंजिनाची दमछाक कमी करतो. रेडिएटरच्या पंख्याला मात्र अशी मदत नाही. तो तितकाच फिरतो, पण जाळीतून वाहणारी हवाच कमी वजनाची. त्यामुळे बाहेर उणे दहा अंश असतानाही, लोअर गिअरमध्ये चढणाऱ्या भरल्या ट्रकचा काटा वर सरकतो.

त्यात आणखी एक पेच. खिंडीवर उघड्या भांड्यातलं पाणी ८२ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा कूलंटही उकळीला टेकलेलं असतं. ते उकळत नाही, कारण रेडिएटरचं झाकण आतला दाब वाढवून उत्कलनबिंदू शंभराच्या पुढे ढकलतं. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर इंजिनात काहीही बिघाड नसताना गाडी 'गरम' होते.

खिंड ओलांडली की खेळ उलटा. उतारावर गाडी इंजिन ब्रेकवर, डिझेल जवळपास बंद, थंड वारा समोरून. थर्मोस्टॅट नसेल तर सगळं कूलंट रेडिएटरातून फिरत राहील आणि काटा घसरत जाईल. म्हणूनच थंड मुलखात रेडिएटरपुढे कॅनव्हासचा पडदा बांधतात. आयडलवर चालू ठेवून इंजिन गरम राहील, हाही भ्रमच. आयडलिंगला डिझेल इतकं कमी जळतं की कडाक्याच्या थंडीत इंजिन हळूहळू गारच होतं.

पहाटेची अडचण वेगळीच. कूलंटमध्ये अँटीफ्रीझ नसेल तर पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉकही तडकतो. निम्मं ग्लायकॉल मिसळलं तर गोठणबिंदू उणे ३५ अंशांच्याही खाली जातो. डिझेलमध्ये मुळातच मेण असतं. गारठ्यात त्याचे कण जमून फिल्टर बंद होतो. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. डबीतल्या मेणाने फुगावं आणि टाकीतल्या मेणाने गोठू नये, एवढ्यावर रसदीची वेळ ठरते.

हाच ट्रक राजस्थानच्या वाळूतही धावायचा असतो. म्हणून लष्करी वाहनांच्या चाचण्या वाळवंटी उन्हाळ्यात आणि पहाडी हिवाळ्यात अशा दोन्हीकडे होतात. डीआरडीओची वाहन संशोधन संस्था आपल्या अहिल्यानगरला आहे, जिथे दोन्ही टोकं नाहीत. तिथल्या ट्रॅकवर पास झालेल्या गाडीचा खरा निकाल थरच्या वाळवंटात आणि लडाखमध्ये लागतो.

थर्मोस्टॅट तपासायची जुनी रीत अशी : दोऱ्याला बांधून तो पाण्यात सोडायचा, शेजारी थर्मामीटर धरायचा आणि शेगडी पेटवायची. पुण्यात तो ८२ ला उघडू लागतो आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडलेला दिसतो. लेहमध्ये पाणी ८८ अंशांनाच खळखळतं; तो अर्धवट उघडून थांबतो आणि नवखा मेकॅनिक चांगला भाग बाद ठरवतो. जाणता मेकॅनिक मात्र तोच थर्मोस्टॅट पुसतो, नवं गॅस्केट लावतो आणि परत बसवतो.